रोध शून्य, पण क्षेत्र आतच: सोलापुरातील एका पेलेटचे प्रकरण

सोलापुरातील एका पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागात अखेरच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आणि तिच्या जोडीदार विद्यार्थ्याने माझ्या मार्गदर्शनाखाली प्रकल्पासाठी एक काळे पेलेट, म्हणजे पूड दाबून आणि भाजून केलेली वडी, तयार केले. रुथेनियम, स्ट्रॉन्शियम, गॅडोलिनियम आणि तांबे हे धातू त्यात 1:2:1:2 या प्रमाणात असतात, सोबतीला ऑक्सिजनचे आठ अणू असतात, आणि म्हणून या संयुगाला जाणकार थोडक्यात रु-1212 म्हणतात. मोजमापांतून तीन गोष्टी पुढे आल्या. सुमारे 133 केल्व्हिनच्या खाली पेलेटमध्ये चुंबकीय क्रम, म्हणजे अणूंच्या लहान चुंबकांची नियमित मांडणी, निर्माण होतो. 44 केल्व्हिनपासून त्याचा विद्युत रोध झपाट्याने उतरू लागतो आणि 24 केल्व्हिनला शून्य होतो. परंतु लहानशा चुंबकीय क्षेत्रात ठेवून ते थंड केले, तर अतिसंवाहकाने, म्हणजे ठरावीक तापमानाखाली रोध पूर्ण गमावणाऱ्या पदार्थाने, क्षेत्र जसे बाहेर ढकलायला हवे तसे ते ढकलत नाही. प्रकल्पाचे शीर्षक आधीच नोंदवलेले होते: ‘स्तरित ऑक्साइडमधील चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचे सहअस्तित्व’. हाती आलेल्या पुराव्यावर हे शीर्षक टिकते का, हा या प्रकरणातील प्रश्न आहे.

विभाग, दोघे विद्यार्थी आणि त्यांचे पेलेट ही अध्यापनासाठी केलेली मांडणी आहे, आणि पेलेटचे आकडे या संयुगाच्या प्रसिद्ध मोजमापांच्या मर्यादेत बसतील असे घेतले आहेत. संयुगाविषयी आणि त्यावर झालेल्या वादाविषयी जे लिहिले आहे, ते मात्र जसे घडले तसेच आहे.

चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचे वैर कशावरून

अतिसंवाहकता 1911 मध्ये सापडली. 1933 मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले की अतिसंवाहक केवळ रोध गमावत नाही, तर आपल्या आतले चुंबकीय क्षेत्र बाहेर टाकतो; यालाच माइसनर परिणाम म्हणतात. लोहचुंबक स्वतःच्या आत क्षेत्र निर्माण करतो. तेव्हा एकाच पदार्थाने एकाच वेळी दोन्ही कामे कशी करावीत, ही अडचण उघड आहे, आणि गिन्झबर्ग यांनी 1957 मध्ये ती गणिताने मांडली. दुसऱ्याच वर्षी मॅथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनममध्ये चुंबकीय दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये थोडी थोडी मिसळून पाहिली. एक-दोन टक्क्यांची भेसळसुद्धा अतिसंवाहकता मोडायला पुरेशी ठरत होती.

क्षेत्र बाहेर टाकण्याचा झगडा हा या वैराचा केवळ एक भाग आहे. दुसरा भाग अधिक खोल आहे. सामान्य अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात आणि जोडीतील दोघांची फिरक (स्पिन) विरुद्ध दिशांना असते. लोहचुंबकातील विनिमय बल सगळ्यांची फिरक एकाच दिशेला वळवू पाहते, म्हणजे जोडी फोडू पाहते. जोडी किती क्षेत्र सोसेल याचा एक ढोबळ हिशोब आहे: संक्रमण तापमानाच्या (ज्या तापमानाला पदार्थ अतिसंवाहक होतो त्याच्या) प्रत्येक केल्व्हिनमागे सुमारे 1.84 टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक). 40 केल्व्हिनच्या अतिसंवाहकासाठी ही मर्यादा 74 टेस्लाच्या आसपास जाते, आणि प्रयोगशाळेतील नेहमीच्या विद्युतचुंबकाच्या तुलनेत ती फारच मोठी आहे. पण लोखंडासारख्या धातूत विनिमय बलाचे समतुल्य क्षेत्र शेकडो टेस्ला भरते. म्हणून रु-1212 मध्ये तांब्याच्या थरातील इलेक्ट्रॉनांना रुथेनियमचे विनिमय बल प्रत्यक्षात किती जाणवते, या एका आकड्यावर बरेच काही अवलंबून आहे.

1977 मध्ये एर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांच्या संयुगाने हा संघर्ष उघड्यावर आणला. 8.7 केल्व्हिनला ते अतिसंवाहक होते, आणि 0.9 केल्व्हिनला एर्बियमचे चुंबकत्व जागे झाले की अतिसंवाहकता सोडून देते. पुढे 1994 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे 12 केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखवली, आणि त्याच कुटुंबातील एर्बियम व होल्मियमच्या संयुगांत चुंबकीय क्रम आणि अतिसंवाहकता एकत्र नांदतात हे जगभर अभ्यासले गेले. महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर वर्गांत हा इतिहास जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही, असे माझे मत आहे.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान होती: अतिसंवाहकता आधी येते, चुंबकत्व नंतर. रु-1212 मध्ये हा क्रम उलटा आहे. चुंबकत्व 133 केल्व्हिनला येते, अतिसंवाहकता त्याच्या बरीच खाली, बनवण्याच्या पद्धतीनुसार 15 ते 46 केल्व्हिनच्या दरम्यान. जोडी बांधणाऱ्या इलेक्ट्रॉनांना आधीच मांडलेल्या चुंबकीय घरात संसार थाटावा लागतो. हे संयुग 1995 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे बाउअर्नफाइंड आणि सहकाऱ्यांनी प्रथम बनवले. त्याच्या जवळच्या, सेरियम असलेल्या भावंडात दोन्ही गुणधर्म एकत्र असल्याचे फेल्नर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये नोंदवले, आणि तेव्हापासून या कुटुंबाकडे लोकांचे लक्ष गेले.

थरांची मांडणी

92 केल्व्हिनला अतिसंवाहक होणारे यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रु-1212 ची रचना लगेच कळेल. तिथे तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या असतात, त्यांच्या जागी इथे रुथेनियम-ऑक्सिजनचा पूर्ण थर येतो. त्याच्या वर आणि खाली स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा थर, मग तांबे-ऑक्सिजनचा थर, आणि दोन तांबे-थरांच्या मध्ये गॅडोलिनियम. एकक कोशिका, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा, चौकोनी पायाची असून तिची बाजू सुमारे 3.84 अँगस्ट्रॉम आणि उंची सुमारे 11.57 अँगस्ट्रॉम भरते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश). रुथेनियमभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक (आठ बाजूंचे पिंजरे) उभ्या अक्षाभोवती सुमारे 14 अंशांनी फिरलेले असतात. ही बारीकशी बाब पुढे महत्त्वाची ठरते.

चुंबकत्व मुख्यतः रुथेनियमच्या थरात आहे आणि प्रवाह मुख्यतः तांब्याच्या थरात. पिकेट, वेह्ट आणि शिक यांनी 1999 मध्ये इलेक्ट्रॉन संरचनेची गणना करून दाखवले की रुथेनियमच्या चुंबकीय कक्षिकांचा (इलेक्ट्रॉनांच्या वावरण्याच्या जागांचा) तांब्याच्या प्रवाह वाहणाऱ्या कक्षिकेशी थेट मेळ फारसा बसत नाही, त्यामुळे तांब्याच्या थरात पोहोचणारे विनिमय बल अगदी क्षीण असते. म्हणजे शेजारी भांडखोर असला तरी मधली भिंत जाड आहे. गॅडोलिनियम तर तांब्याच्या थरांच्या अधिक जवळ बसलेले असूनही अतिसंवाहकतेच्या वाटेला जात नाही. त्याचे स्वतःचे चुंबकीय आघूर्ण (अणूच्या चुंबकाची ताकद आणि दिशा) केवळ 2.5 केल्व्हिनला क्रमात येते.

पेलेट कसे घडले

पाच ग्रॅम संयुगासाठी रुथेनियम डायऑक्साइड 0.966 ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट 2.144 ग्रॅम, गॅडोलिनियम ऑक्साइड 1.316 ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड 1.155 ग्रॅम लागते. गॅडोलिनियम ऑक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून बसते, म्हणून ते वजन करण्याआधी 900 अंश सेल्सियसला तापवून घ्यावे लागते. ही पायरी वगळली की गॅडोलिनियम नेहमीच कमी पडते आणि उरलेले रुथेनियम भलतीकडे जाते. विद्यार्थिनीने हे काम काटेकोरपणे केले. तिच्या वहीत प्रत्येक वजन चार दशांश स्थळांपर्यंत आहे आणि शेजारी बाटलीचा बॅच क्रमांकही आहे.

अगेटच्या खलात मिश्रण घोटून ते हवेत 960 अंशांना भाजले, पुन्हा घोटून, दाबून पेलेट केले, आणि पहिली सिंटरिंग (कण एकमेकांना चिकटवणारी भाजणी) वाहत्या नायट्रोजनमध्ये 1010 अंशांना केली. हा टप्पा या संयुगाचा खरा डाव आहे. ऑक्सिजनमध्येच थेट भाजले, तर स्ट्रॉन्शियम आणि रुथेनियम एकत्र येऊन स्ट्रॉन्शियम रुथेनेट तयार होते, आणि ते स्वतः सुमारे 160 केल्व्हिनला लोहचुंबक होते. नायट्रोजनमध्ये मात्र रुथेनियम गॅडोलिनियमच्या सोबत दुसऱ्याच एका ऑक्साइडमध्ये अडकते आणि तांबे क्यूप्रस ऑक्साइडच्या रूपात बाजूला राहते. नंतर वाहत्या ऑक्सिजनमध्ये 1050 ते 1060 अंशांना ही दोन्ही एकत्र येऊन रु-1212 बनते. शेवटची भाजणी 1060 अंशांच्या आसपास कित्येक दिवस चालवावी लागते. त्याने ऑक्सिजनचे प्रमाण फारसे बदलत नाही, पण धातूंची आपापल्या जागी मांडणी सुधारते आणि अतिसंवाहक संक्रमण वर सरकते.

कित्येक दिवस सलग भट्टी चालवायची, आणि तीही सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत, याचा अर्थ वीज जाणार हे गृहीत धरून चालणे. जनरेटरवर भट्टीची जोडणी आधीच करून घेतली होती. तरीही मधला जो काही वेळ जातो, त्यात तापमान शंभर-दीडशे अंशांनी खाली येते आणि पुन्हा चढते. त्या टप्प्यावर यात मोठे नुकसान नाही, मात्र अशा खंडाची वेळ लॉगबुकात लिहून ठेवायची शिस्त हवी, कारण दुसऱ्या बॅचचे संक्रमण वेगळे निघाले तर कारण तिथेच सापडते. रुथेनियमची वाफ हा खरा धोका होता. इतक्या तापमानाला ऑक्सिजनमध्ये त्याची बाष्पशील ऑक्साइडे तयार होतात आणि ती विषारी असतात, म्हणून नळीचे बाहेर जाणारे टोक धुराड्यात सोडले आणि प्रत्येक भाजणीनंतर पेलेटचे वजन केले.

सोलापुरात काय मोजता येते

विभागात क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र आहे (क्ष-किरण कोणत्या कोनांत विखुरतात यावरून ते स्फटिक ओळखते), लॉक-इन ॲम्प्लिफायरवर चालणारी, दोन दुय्यम कुंडले असलेली एसी ससेप्टिबिलिटीची, म्हणजे बदलत्या क्षेत्राला नमुन्याचा चुंबकीय प्रतिसाद मोजण्याची, जुळणी आहे, चार टोकांनी रोध मोजण्याची सोय आहे, आणि द्रव नायट्रोजन मिळतो. जिल्ह्यात द्रव नायट्रोजनची नेमाची मागणी जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी असते, त्यामुळे तो जिल्ह्यात नियमित फिरतो, आणि विभागाचे पिंप त्याच साखळीतून भरून येते. द्रव हेलियम मिळत नाही. परिणाम असा की 77 केल्व्हिनपर्यंतच उतरता येते: रु-1212 चे चुंबकत्व सोलापुरात पाहता येते, त्याची अतिसंवाहकता पाहता येत नाही. तेवढ्यासाठी पेलेट दुसऱ्या शहरातील एका संशोधन केंद्राकडे पाठवावे लागले, आणि तिथल्या यंत्रावर वेळ मिळेपर्यंत विवर्तनचित्रावर भरपूर विचार करायला सवड मिळाली.

ती सवड उपयोगी पडली. तांब्याच्या नळीच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्रात रु-1212 ची मुख्य रेषा 32.9 अंशांच्या जवळ येते. तिच्या डाव्या खांद्यावर, 32.2 अंशांपाशी, एक किंचित फुगवटा होता. ही जागा स्ट्रॉन्शियम रुथेनेटच्या मुख्य रेषेची आहे. नायट्रोजनच्या टप्प्यात तयार झालेले मधले ऑक्साइड उरले असते तर त्याची रेषा 31 अंशांच्या आसपास दिसली असती. तिथे काही नव्हते. एसी ससेप्टिबिलिटीच्या आलेखात 133 केल्व्हिनपाशी ठळक शिखर होते, पण बारकाईने पाहिले तर 160 केल्व्हिनच्या खाली एक फिकट चढ सुरू झालेला दिसत होता. दोन स्वतंत्र मोजमापे एकाच भेसळीकडे बोट दाखवत असतील तर ती मान्य करावी लागते.

इथे विद्यार्थ्याने हिशोब मांडला. समजा भेसळ दोन टक्के आहे आणि त्यातील प्रत्येक रुथेनियमचे आघूर्ण दीड बोर मॅग्नेटॉनच्या (हे अणूच्या आघूर्णाचे एकक) आसपास आहे. म्हणजे एकूण नमुन्यात प्रत्येक रासायनिक सूत्रामागे 0.03 बोर मॅग्नेटॉन केवळ भेसळीतून येतात. रु-1212 चे स्वतःचे लोहचुंबकीय आघूर्ण, न्यूट्रॉनांच्या मोजमापांनुसार, 0.1 च्या वर जात नाही. याचा अर्थ एवढाच की चुंबकन, म्हणजे आकारमानामागचे एकूण आघूर्ण, किती आहे हा आकडा भेसळीमुळे फसवा ठरू शकतो. चुंबकत्व कुठल्या तापमानाला येते हा आकडा मात्र फसवत नाही. 133 आणि 160 केल्व्हिनमध्ये 27 केल्व्हिनचे अंतर आहे, आणि मोठे शिखर 133 पाशीच आहे.

केंद्रातून आलेले आलेख

रोधाचा आलेख खालीपर्यंत नीट आला. 300 केल्व्हिनपासून रोध धातूसारखा उतरतो, 133 केल्व्हिनपाशी उतार किंचित बदलतो, 60 केल्व्हिनच्या खाली थोडा वर वळतो, 44 ला कोसळू लागतो आणि 24 ला शून्यावर येतो. या घसरणीत दोन पायऱ्या दिसतात. वरची पायरी पेलेटमधल्या बारीक स्फटिककणांच्या आतली, खालची कणांना जोडणाऱ्या सीमांची.

स्क्विड मॅग्नेटोमीटरवर (अगदी क्षीण चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) 10 ओअर्स्टेडच्या, म्हणजे हवेत 10 गाउसच्या, क्षेत्रात दोन प्रकारे मोजले होते (10,000 गाउस म्हणजे एक टेस्ला). शून्य क्षेत्रात थंड करून मग क्षेत्र लावले, तेव्हा 24 केल्व्हिनच्या खाली चुंबकन ऋण बाजूला गेले, म्हणजे पेलेट क्षेत्राला आत येऊ देत नव्हते; याला ढाल म्हणू. क्षेत्रात थंड केले, तेव्हा मात्र 24 केल्व्हिनपाशी जवळजवळ काहीच घडले नाही, आणि सर्वांत खाली चुंबकन उलट वर चढू लागले. शेवटचा चढ गॅडोलिनियमचा आहे आणि त्याचा आकार मोजता येतो. पाच केल्व्हिनला गॅडोलिनियमची धन ससेप्टिबिलिटी, एकक आकारमानामागे, पूर्ण अतिसंवाहक ढालीच्या ऋण ससेप्टिबिलिटीच्या सुमारे पाचव्या भागाइतकी भरते. म्हणजे नमुन्याचा पाचवा हिस्सा जरी क्षेत्र बाहेर टाकत असता, तरी गॅडोलिनियम ते लपवू शकले असते.

“सर, रोध शून्य झालाय, मग अतिसंवाहक नाही असं कसं म्हणायचं?” विद्यार्थिनीने विचारले. तिचा आक्षेप योग्यच आहे, फक्त तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. रोध शून्य होण्यासाठी नमुन्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड अतिसंवाहक वाट असली की भागते. ती वाट सगळ्या आकारमानाच्या शंभराव्या हिश्श्यात असेना का, मीटरला फरक कळत नाही. शून्य क्षेत्रातून आलेली ढालसुद्धा याच दोषाने ग्रस्त आहे: कणांच्या कडांनी जोडलेले जाळे बाहेरून वर्तुळाकार प्रवाह वाहून आतील सगळ्या अतिसंवाहक नसलेल्या भागालाही झाकू शकते.

म्हणून अर्धे पेलेट फोडून खलात घोटले, चाळले, आणि ती पूड पुढच्या वेळी त्याच यंत्रावर मोजली. पेलेटमध्ये दिसणारी ढाल पुडीत फार थोडी उरली. याचा पहिला अर्थ उघड आहे: पेलेटमधली बहुतेक ढाल कणांच्या जोडांतून आलेली होती. दुसरा अर्थ इतका सरळ नाही. कणाच्या आत अतिसंवाहकता नसेल तर ढाल राहणार नाही, हे खरे. पण असेल आणि चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात जेवढ्या खोलीपर्यंत शिरते ती भेदन खोली कणाच्या आकाराएवढी असेल, तरीही ढाल राहणार नाही. रु-1212 च्या तांब्याच्या थरांत विद्युतभार वाहक थोडे आहेत, म्हणून भेदन खोली मोठी असणे अपेक्षितच आहे. मोजमाप एक आणि अर्थ दोन, आणि पुडीच्या एका आकाराने त्यांत निवड करता येत नाही.

क्षेत्र का बाहेर गेले नाही

विद्यार्थ्याने इथे दुसरी शक्यता मांडली, आणि या प्रकरणातील ती सर्वांत चांगली कल्पना होती. कोशिकेचे आकारमान 170 घन अँगस्ट्रॉमच्या थोडे वर आहे. प्रत्येक रुथेनियमचे एक बोर मॅग्नेटॉन एकाच दिशेला असते, तर पदार्थाच्या आत स्वतःच निर्माण होणारे क्षेत्र, म्हणजे 4π गुणिले चुंबकन, सुमारे 680 गाउस भरले असते. लोहचुंबकीय वाटा दशांश बोर मॅग्नेटॉन धरला, तरी 68 गाउस उरतात. केंद्रात आपण लावलेले क्षेत्र 10 गाउसाचे होते. म्हणजे पेलेटला बाहेरच्या क्षेत्राशी नव्हे, तर घरच्याच क्षेत्राशी लढायचे आहे. हे घरचे क्षेत्र अतिसंवाहकाच्या खालच्या क्रांतिक क्षेत्राहून (ज्याच्या वर क्षेत्र आत शिरू लागते त्या मर्यादेहून) मोठे असेल, तर बाहेरून काहीही न लावता पदार्थात भोवरे, म्हणजे क्षेत्राच्या बारीक नळ्या, आपोआप शिरतात. अशा स्थितीत रोध शून्य असू शकतो, सगळे आकारमान अतिसंवाहक असू शकते, आणि तरीही माइसनर परिणाम दिसत नाही.

ही शक्यता त्याने शून्यातून काढली नव्हती. 2000 मध्ये याच संयुगावर दोन विरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ह्यूस्टन येथील चू यांच्या गटाने आपल्या नमुन्यांत आकारमानव्यापी माइसनर स्थिती सापडत नाही असे मांडले आणि कणाच्या आतही अतिसंवाहकता छोट्या, सैल जोडलेल्या विभागांत विखुरलेली असावी असे सुचवले. बेर्नहार्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी असे मांडले की संक्रमणाच्या लगेच खाली आपोआप निर्माण झालेल्या भोवऱ्यांची स्थिती असते आणि त्याहून आणखी थंड केल्यावर माइसनर स्थिती प्रकट होते. दोन्ही गट अनुभवी होते आणि दोघांचीही मोजमापे प्रामाणिक होती. नमुने वेगवेगळ्या भट्ट्यांतून निघालेले होते.

म्यूऑन आणि न्यूट्रॉन

सहअस्तित्व म्हणजे काय, हे मोजता येईल अशा शब्दांत मांडायचे झाले तर ते असे: नमुन्याचा किती हिस्सा चुंबकीय आहे आणि किती हिस्सा अतिसंवाहक आहे, हे दोन आकडे हवेत, आणि त्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली पाहिजे. त्याखाली बेरीज असेल, तर दोघे वेगवेगळ्या कोपऱ्यांत राहतात असे म्हणायला वाव उरतो. आपल्या पेलेटसाठी यातला एकही आकडा हातात नाही. 133 केल्व्हिनचे शिखर चुंबकत्व आहे एवढे सांगते, ते किती जागेत आहे हे सांगत नाही.

हा हिस्सा मोजणारे साधन म्यूऑन आहे. धन म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनासारखा पण त्याहून जड आणि अल्पायुषी असा धनभारित कण, नमुन्यात घुसून एका ठिकाणी थांबतो, तिथल्या क्षेत्राभोवती त्याची फिरक गिरक्या घेते, सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत तो नष्ट होतो, आणि निघणाऱ्या पॉझिट्रॉनच्या दिशेवरून गिरकीचा वेग कळतो. एका टेस्लाला 135.5 मेगाहर्ट्झ हे त्याचे प्रमाण आहे. नमुन्याचा दहावा भागच चुंबकीय असेल, तर दहावा भाग म्यूऑनच गिरक्या घेतील आणि बाकीचे स्थिर राहतील. म्हणून आकारमानाचा हिस्सा थेट कळतो. बेर्नहार्ड आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये रु-1212 मध्ये असे मोजले, तेव्हा शून्य बाह्य क्षेत्रातही सुमारे 720 गाउसचे अंतर्गत क्षेत्र आढळले, चुंबकत्व नमुन्याच्या जवळजवळ सगळ्या आकारमानात पसरलेले निघाले, आणि अतिसंवाहक संक्रमणाखालीही ते कमी झाले नाही. एक आकडा शंभराजवळ पोहोचला की दुसरा आकडा मोठा नसला तरी चालतो. टॅलन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये विशिष्ट उष्णतेत संक्रमणापाशी दाखवलेला उंचवटा हा दुसऱ्या आकड्याचा पुरावा होता, कारण उष्णता सगळ्या आकारमानातून येते, एखाद्या वाटेतून नाही.

चुंबकत्वाचे स्वरूप मात्र पहिल्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले. साध्या गॅडोलिनियममध्ये न्यूट्रॉन इतके शोषले जातात की त्यांचे विवर्तन मोजणे अवघड होते, म्हणून लिन आणि सहकाऱ्यांनी 160 वस्तुमानांकाचे समस्थानिक वापरून नमुना बनवला. 2000 मध्ये त्यांनी दाखवले की शेजारी-शेजारी असलेल्या रुथेनियमची आघूर्णे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, प्रत्येकी सुमारे 1.18 बोर मॅग्नेटॉन, क्रम 136 केल्व्हिनला येतो, आणि सरळ लोहचुंबकीय भाग 0.1 च्या वर नाही. म्हणजे मूळ मांडणी प्रतिलोहचुंबकीय आहे आणि आघूर्णे थोडी कलल्यामुळे लहानसे लोहचुंबकत्व उरते. ते 14 अंशांनी फिरलेले अष्टफलक इथे कामाला येतात: फिरण्यामुळे दोन शेजाऱ्यांतली सममिती मोडते आणि आघूर्णांना कलायला वाव मिळतो. माझ्या मते या संयुगाचे कोडे निम्मे इथेच सुटते. दोन विरोधी शक्तींचा दिलजमाईचा चमत्कार म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, त्यात चुंबकत्वाने आधीच आपले जवळजवळ सगळे क्षेत्र आपापसांत रद्द करून टाकले होते.

तरीही एक प्रश्न उरतो. चुंबकत्व रुथेनियमच्या थरात, अतिसंवाहकता तांब्याच्या थरात, आणि दोन्ही थर एकाआड एक. याला एकत्र असणे म्हणायचे की शेजारी असणे? सोलापुरी चादरीत दोन रंगांचे धागे आळीपाळीने वर-खाली जात एकच वीण करतात, आणि वाकळीत वेगवेगळे तुकडे टाक्यांनी जोडलेले असतात. थरांमधले अंतर कोशिकेच्या उंचीत, म्हणजे बारा अँगस्ट्रॉमांच्या आत, संपते. चू यांच्या गटाचा आक्षेप वाकळीचा आहे, म्यूऑनांचा पुरावा चादरीच्या बाजूने जातो, आणि आपल्या पेलेटबद्दल तो पुरावा दुसऱ्याच्या नमुन्यावरून उसना घेतलेला आहे.

शीर्षकाचा निर्णय

विद्यार्थ्याचा आग्रह होता की जगात म्यूऑनचा पुरावा आहे, आपले पेलेट त्याच संयुगाचे आहे, तेव्हा ‘सहअस्तित्व’ लिहायला हरकत नाही. मार्गदर्शक म्हणून मी ते मान्य केले नाही. या संयुगाच्या बाबतीत एका भट्टीतला नमुना दुसऱ्या भट्टीतल्या नमुन्यासारखा असेलच असे धरून चालता येत नाही. 2000 मधला सगळा वाद त्याच्यामुळेच झाला. आपल्याकडे भेसळीची खूण आहे, पुडीत ढाल जाते हे ठाऊक आहे, आणि दोन्हीपैकी एकही हिस्सा मोजलेला नाही. शीर्षक बदलून ‘रु-1212 मधील चुंबकीय क्रम आणि रोधाचे अतिसंवाहक संक्रमण’ असे केले. ‘सहअस्तित्व’ हा शब्द चर्चेच्या प्रकरणात गेला, आणि तिथे त्याच्यासोबत आपल्याकडे नसलेल्या दोन आकड्यांचा उल्लेख आला. घरच्या 68 गाउसांचा विद्यार्थ्याचा हिशोब परिशिष्टात पूर्ण दिला आहे, कारण तो आपल्या पेलेटवरच्या पुराव्यापेक्षा पुढचा असला तरी बरोबर आहे.

पुढच्या बॅचसाठी गॅडोलिनियमऐवजी युरोपियम घ्यावे, असे ठरले. युरोपियमचे त्रिधन आयन मूलस्थितीत चुंबकीय नसतात, त्यामुळे कमी तापमानाला चुंबकनाचा आलेख वर चढवून माइसनर संकेत झाकणारे काहीच उरत नाही, आणि हे संयुग साध्या वातावरणीय दाबाखाली, आपल्याच भट्टीत बनते. गॅडोलिनियमऐवजी यिट्रियम घेतले तरी ही अडचण जाईल, पण यिट्रियमचे रु-1212 फार मोठ्या दाबाखालीच तयार होते, आणि तसे यंत्र इथे नाही. युरोपियम ऑक्साइड मागवले आहे. नायट्रोजनचा टप्पा त्याच तापमानाला चालतो का, हे पाहण्यासाठी आधी एक ग्रॅमची छोटी भाजणी करायची आहे, आणि 32.2 अंशांपाशी फुगवटा दिसला तर पेलेट केंद्राकडे न पाठवता पुन्हा खलात घ्यायचे आहे.